वॉचरच्या लॉगपासून सुरुवात करा

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजची सर्व्हर रूम सांभाळतो. माझ्या आधीच्या सरांनी तीन जुन्या सर्व्हरवर गनेटीचा क्लस्टर उभा केला होता. ते निवृत्त झाले आणि सगळं माझ्याकडे आलं. लायब्ररी, परीक्षा विभाग, वेबसाइट असे अकरा व्हर्च्युअल सर्व्हर त्यावर चालतात. दोन वर्षं चालवून मला या सॉफ्टवेअरबद्दल आपुलकी वाटू लागली आहे आणि आता त्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं. पण कोड उघडला की घाबरायला होतं. पायथन मला कामापुरतं येतं, हॅस्केल अजिबात येत नाही. इंग्रजी लिहिताना चुका होतात. मागच्या महिन्यात वीज गेली तेव्हा एक नोड, म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर, उशिरा सुरू झाला. त्याच्यावर दुसरी प्रत असलेल्या तीन इन्स्टन्सच्या (म्हणजे व्हर्च्युअल सर्व्हरच्या) डिस्क बराच वेळ 'डिग्रेडेड', म्हणजे दोन्ही प्रती सारख्या नसलेल्या, दिसत होत्या. शेवटी मी हाताने कमांड देऊन त्या जोडल्या. असं का झालं ते कळलं नाही. सुरुवात कुठून करू? की वेळ घालवायचाच तर एखाद्या मोठ्या, नोकरीत उपयोगी पडणाऱ्या प्रकल्पाकडे वळू?

उत्तर : तुमच्या पत्रातला सर्वात मोलाचा भाग तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिला आहे. वीज गेली, नोड उशिरा आला, डिस्क जोडल्या गेल्या नाहीत. तुमचं पहिलं योगदान तिथेच आहे. सोपं काम शोधत कोडमध्ये भटकू नका. तुमच्या क्लस्टरने तुम्हाला एक प्रश्न आयता दिला आहे, त्याचा शेवटपर्यंत माग काढा.

इतर वाचकांसाठी थोडी ओळख करून देते. गनेटी हे अनेक सर्व्हर एकत्र बांधून त्यांवर केव्हीएम किंवा झेन या साधनांनी व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. ते गूगलच्या अभियंत्यांनी कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी लिहिलं आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. त्याचं वैशिष्ट्य असं की महागडं सामायिक स्टोरेज लागत नाही. एका इन्स्टन्सची डिस्क डीआरबीडीच्या (नेटवर्कवरून डिस्कची प्रत ठेवणाऱ्या साधनाच्या) मदतीने दोन नोडांवर एकाच वेळी लिहिली जाते. एक नोड प्रायमरी, दुसरा सेकंडरी. प्रायमरी बंद पडला तर इन्स्टन्स सेकंडरीवर उठवता येतो. म्हणूनच कमी पैशांत काम भागवणाऱ्या संस्थांना ते मानवतं. विकिमीडिया फाउंडेशन आणि डेबियन ही लिनक्स प्रणाली बनवणारा प्रकल्प आपल्या सेवांसाठी ते वापरतात. २०२० मध्ये गूगलने प्रकल्पाची धुरा वापरकर्त्यांच्या समूहाकडे सोपवली. त्याच वर्षाच्या अखेरीस पायथन ३ वर चालणारी ३.० ही आवृत्ती आली.

या हस्तांतराचा तुमच्याशी थेट संबंध आहे. पूर्वी या कामासाठी पगारी माणसं होती. आता क्लस्टर चालवणारेच आपापली नोकरी सांभाळून कोड तपासतात. तपासणाऱ्यांचे तास हीच इथली सर्वात टंचाईची गोष्ट आहे. उन्हाळ्यात पाटाच्या पाण्याची पाळी जशी थेंबन् थेंब वापरतात, तसे ते तास वापरले गेले पाहिजेत. नव्या माणसाला वाटतं की आपण कोड दिला म्हणजे मदत झाली. पण ज्या कोडमागचं कारण सांगितलेलं नाही, ज्याची चाचणी नाही, जो एकदम चाळीस फाइलींना हात लावतो, तो समोरच्याची पूर्ण रविवारची दुपार खातो आणि बहुधा तसाच पडून राहतो. उलट कुणी नेमकी पायरीन् पायरी लिहून दिली की 'हे असं केलं की दर वेळी हे असं होतं', तर निम्मं काम झालेलं असतं. ते लिहायला हॅस्केल लागत नाही. क्लस्टर लागतो आणि चिकाटी लागते. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

आता तुमच्या घटनेकडे येऊ. गनेटीमध्ये वॉचर नावाचा एक प्रोग्रॅम आहे. नेहमीच्या मांडणीत क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणारी लिनक्समधली सोय, तो दर पाच मिनिटांनी चालवते. त्याची मुख्य कामं दोन. जो इन्स्टन्स चालू असायला हवा पण बंद आहे, त्याला सुरू करण्याचा ठरावीक वेळा प्रयत्न करायचा. आणि एखादा नोड रीबूट होऊन आला असेल, तर ज्या इन्स्टन्सचा तो सेकंडरी आहे त्यांच्या डीआरबीडी डिस्क पुन्हा जोडायच्या. म्हणजे तुम्ही हाताने केलंत ते काम वॉचरने करायला हवं होतं. मग त्याने का केलं नाही? की केलं, पण उशिरा? की करत होता आणि तुम्ही मध्येच कमांड दिलीत?

या तीन शक्यता एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत, आणि घाईने लिहिलेल्या तक्रारी इथेच फसतात. वॉचर स्थिती लगेच विचारतो, पण दुरुस्ती स्वतः करत नाही. तो मास्टर नोडच्या, म्हणजे क्लस्टरचा कारभार बघणाऱ्या नोडच्या, रांगेत जॉब (करायचं काम) टाकतो. त्या इन्स्टन्सवर किंवा नोडवर दुसऱ्या जॉबचं लॉक (तात्पुरतं कुलूप) असेल, तर वॉचरचा जॉब थांबून राहतो. वीज आल्यावर सगळंच एकदम सुरू होत असतं, तेव्हा रांग लांबणं साहजिक आहे. दुसरी गोष्ट अशी की डिस्क जोडली गेली तरी लगेच निरोगी दिसत नाही. मधल्या काळात बदललेला भाग दुसऱ्या प्रतीवर पोहोचेपर्यंत ती डिग्रेडेडच दाखवली जाते. तेव्हा त्या तीन डिस्क तुटलेल्या होत्या की समक्रमण चालू होतं, हे आधी ठरवायला हवं. तिसरी गोष्ट अगदी साधी आहे. तुमच्या आधीच्या सरांनी किंवा तुम्हीच कधी देखभालीसाठी वॉचर थांबवून ठेवला असेल. 'जीएनटी-क्लस्टर वॉचर इन्फो' ही कमांड ते सांगते.

म्हणून पहिली बैठक लॉगबरोबर, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदींबरोबर. मास्टर नोडवर व्हार-लॉग-गनेटी या फोल्डरात वॉचरचा लॉग असतो. त्या दिवसाची वेळ शोधा. नोड कधी वर आला, वॉचरला ते कधी कळलं, त्याने कोणता जॉब टाकला, हे वहीत उतरवा. मग जॉबची यादी बघा. इथे एक अडचण येईल. पूर्ण झालेले जॉब वॉचर काही तासांनी यादीतून काढून आर्काइव्हमध्ये टाकतो, त्यामुळे जॉबच्या साध्या यादीत मागच्या महिन्याचं काहीच दिसणार नाही. व्हार-लिब-गनेटीखाली क्यू आणि त्यात आर्काइव्ह असं फोल्डर आहे, तिथे बघा. पण नेहमीच्या मांडणीत गनेटी-क्लीनर हा प्रोग्रॅम तिथल्या एकवीस दिवसांपेक्षा जुन्या फाइली काढून टाकतो, त्यामुळे त्या दिवसाचे जॉब गेलेलेही असतील. प्रत्येक जॉब रांगेत कधी आला, सुरू कधी झाला, संपला कधी, या तिन्ही वेळा त्यात नोंदलेल्या असतात. रांगेत आल्यापासून सुरू होईपर्यंत मोठं अंतर दिसलं, तर लॉकची शक्यता बळावते. मास्टर नोडच उशिरा उठला असेल, तर सगळी कहाणीच बदलते.

पुढची पायरी म्हणजे तेच पुन्हा घडवून आणणं. कॉलेजच्या क्लस्टरवर हे अजिबात करू नका, परीक्षा विभागाचा डेटा त्यावर आहे. सोळा जीबी रॅमचा एखादा लॅपटॉप किंवा लॅबमधला संगणक मिळाला तर पुरतो. त्यावर डेबियनची तीन व्हर्च्युअल मशीन करा आणि त्यांच्यातच गनेटी बसवा. व्हर्च्युअल मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीन चालवायचं तर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं. तेही जमत नसेल तर गनेटीमध्ये फेक नावाचा हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) आहे, जो खरं मशीन न चालवता चालवल्याचं भासवतो. डिस्कच्या प्रश्नासाठी एवढं बास आहे. तुम्हाला डीआरबीडी हवा आहे, आत कोणती ऑपरेटिंग सिस्टम चालते याने फरक पडत नाही.

नोड नीट शटडाउन करू नका. वीज गेल्यावर काय होतं ते बघायचं आहे, तेव्हा मशीन एकदम बंद करा, प्लग ओढल्यासारखं. मग कधी दहा मिनिटांनी, कधी वॉचरच्या फेरीच्या आधी, कधी दोन नोड एकदम, असं करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी घड्याळ लिहा. आपल्याकडे वीज जाणं काही नवं नाही. पण ज्यांच्या डेटा सेंटरला दोन-दोन फीडर आणि जनरेटर आहेत, त्यांना ही स्थिती क्वचितच दिसते. छोट्या शहरातल्या कॉलेजचा क्लस्टर जे बघतो, ते या प्रकल्पाला कळणं फार गरजेचं आहे, आणि ते सांगणारी माणसं थोडी आहेत. ही गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते.

तीन मशीन सांगितली त्यालाही कारण आहे. मास्टर नोड सुरू होताना इतर नोडांना विचारतो की तुम्ही कुणाला मास्टर मानता. दोनच नोड असतील आणि एक बंद असेल तर बहुमत होत नाही, मग मतदान टाळण्याचा खास पर्याय देऊन माणसाला निर्णय घ्यावा लागतो. गनेटी मास्टर आपोआप बदलत नाही, हा दोष नव्हे. नोड मेला आहे की फक्त नेटवर्क तुटलं आहे, हे दुरून ओळखता येत नाही, आणि दोन मास्टर एकदम लिहू लागले तर नुकसान भरून येत नाही. नवीन माणसं 'हे आपोआप का होत नाही' म्हणून पॅच (कोडमधला बदल) लिहायला बसतात. तुम्ही आधी डॉक फोल्डरातल्या डिझाइन या शब्दाने सुरू होणाऱ्या फाइली वाचा. मोठ्या बदलांमागचे विचार तिथे लिहून ठेवले आहेत. नाकारलेले पर्यायसुद्धा अनेकदा सापडतात. सगळ्या वाचू नका, तुमच्या प्रश्नाजवळच्या दोन-तीन पुरेत.

हे झालं की कोड उघडा, आणि वरपासून खालपर्यंत वाचू नका. वॉचरचा कोड लिब फोल्डराखाली वॉचर याच नावाने आहे आणि तो पायथनमध्ये आहे. तुमचं कामापुरतं पायथन इथे चालेल. लॉगमध्ये दिसलेलं एखादं वाक्य कोडमध्ये शोधा, ते कुठून छापलं गेलं ते सापडलं की त्याच्या आजूबाजूचं वाचा. तिथून एका कमांडचा प्रवास समजून घ्या. तुम्ही डिस्क जोडण्याची कमांड दिलीत, तिचा ऑपकोड (गनेटीच्या आतला हुकूम) झाला, तो जॉब म्हणून रांगेत गेला, मास्टरवर त्या ऑपकोडचं लॉजिकल युनिट, म्हणजे तो हुकूम पार पाडणारा कोड, चाललं. लॉजिकल युनिट आधी कोणती लॉक हवीत ते सांगतं, मग अटी तपासतं, मग काम करतं. प्रत्यक्ष डिस्कला हात लावणारा भाग प्रत्येक नोडवरच्या नोड-डीमनमध्ये आहे (डीमन म्हणजे मागे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम). हा एक प्रवास कागदावर काढता आला की बाकीच्या कमांडही त्याच वाटेने जातात हे दिसेल, आणि भीती बरीचशी ओसरेल.

हॅस्केलची चिंता आत्ता नको. रांग सांभाळणारा आणि कॉन्फिगरेशन सांभाळणारा डीमन हॅस्केलमध्ये आहेत, नवा इन्स्टन्स कुठे ठेवावा हे ठरवणारं हेल आणि क्लस्टर समतोल करणारं एचबाल हेही हॅस्केलमध्ये. पण पुढे कधी शिकावंसं वाटलं तर हीच समतोलाची साधनं सर्वात सोयीची आहेत. त्यांना चालता क्लस्टर लागत नाही. क्लस्टरचं वर्णन असलेली साधी मजकुराची फाइल दिली तरी ती हिशेब करतात, आणि टेस्ट फोल्डरात अशा नमुन्याच्या फाइली तयार आहेत. रात्री घरी बसून चाळीस नोडांचा क्लस्टर कागदावर चालवून बघता येतो. शिकण्यासाठी इतकी चांगली सोय फार कमी प्रकल्पांत असते.

शोधाचा शेवट तीनपैकी एका ठिकाणी होईल. खरा दोष सापडेल. किंवा वॉचर बरोबर होता, पण दस्तऐवजात हे वागणं नीट सांगितलेलं नाही असं दिसेल. किंवा तुमच्या मांडणीतच चूक निघेल. तिसरं निघालं तरी तुमच्या कॉलेजचं भलं झालं. दुसरं निघालं तर दस्तऐवजात दोन परिच्छेद घाला. वीज गेल्यावर किती वेळ थांबावं, समक्रमण चालू आहे हे कसं ओळखावं, हाताने कमांड कधी द्यावी, हे रात्री दोन वाजता सर्व्हर रूममध्ये उभ्या असलेल्या माणसाला कळेल असं लिहा. त्या माणसाच्या जागी तुम्ही स्वतः होता, त्यामुळे हे तुम्हाला इतरांपेक्षा चांगलं जमेल. दस्तऐवजाचं काम म्हणजे दुय्यम, असं माझ्यासमोर कुणी म्हटलं तर मी वाद घालते.

खरा दोष निघाला तर आधी गिटहबवर, म्हणजे प्रकल्पाचा कोड आणि तक्रारी असतात त्या साइटवर, तशीच नोंद कुणी केली आहे का ते शोधा, मग तुमची नोंद लिहा. गनेटीची आवृत्ती, डेबियनची आवृत्ती, डीआरबीडीची आवृत्ती, काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, लॉगचा संबंधित तुकडा. एवढंच. इंग्रजीची भीती इथे आड येऊ देऊ नका. घटनाक्रम आधी मराठीत मुद्देसूद लिहून काढा, गोंधळ विचारात असेल तर तो मराठीतच पकडला जातो. मग एका वाक्यात एकच गोष्ट, साधा भूतकाळ. हे लिहिणारे-वाचणारे बहुतेक जण युरोपातले आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांचीही मातृभाषा इंग्रजी नाही. भाषा तपासायला एआयची मदत घेतली तर हरकत नाही. पण कोड त्याच्याकडून लिहून घेऊन तसाच पाठवू नका. तपासणारा विचारेल की हे लॉक इथे का सोडलं, तेव्हा उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे.

पॅच लिहायची वेळ आली तर एक छोटी पण नेहमी नडणारी गोष्ट. गनेटीच्या पायथन कोडमध्ये दोन स्पेसचं इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) आहे आणि ओळ ऐंशी अक्षरांच्या आत ठेवतात. एडिटरमध्ये आपोआप फॉरमॅट करण्याची सोय चालू असेल तर फाइल जतन करताना तो चार स्पेस करून टाकू शकतो. मग तुमचा बदल तीन ओळींचा, पण दिसायला नऊशे ओळींचा होतो. या प्रकल्पासाठी ती सोय बंद करा. बदलासोबत चाचणी द्या, जी बदलाआधी नापास आणि नंतर पास होते. मोजून एकाच विषयाचा एक कमिट (नोंदवलेला बदल), आणि संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. अलीकडचे वीसेक कमिट वाचले की इथली रीत कळते. कोडची बांधणी (बिल्ड) करताना हॅस्केलचा भाग बराच वेळ आणि मेमरी घेतो, मशीन अडकलं असं समजून बंद करू नका.

उत्तर यायला आठवडे लागू शकतात. त्याचा अर्थ नकार नव्हे. पंधरा-वीस दिवसांनी एक नम्र आठवण करावी, आणि मधल्या काळात दुसऱ्याच्या पॅचची तुमच्या चाचणी क्लस्टरवर परीक्षा करून निकाल लिहावा. नव्या आवृत्तीच्या आधी येणाऱ्या कच्च्या आवृत्त्या चालवून बघणं हेही तसंच. तपासणाऱ्यांचा भार उतरवणारा माणूस लवकर लक्षात राहतो.

मोठ्या प्रकल्पाबद्दल सरळ सांगते. नोकरीच्या जाहिरातींत गनेटीचं नाव तुम्हाला क्वचितच दिसेल. फक्त तेवढ्यासाठी करायचं असेल तर अपाचे क्लाउडस्टॅक बघा. ते जावामध्ये आहे आणि खऱ्या हायपरवायझरशिवाय चालणारा सिम्युलेटर त्यात आहे. ओपनस्टॅक पायथनमध्ये आहे, पण पसारा फार मोठा. प्रॉक्समॉक्सला पर्ल आणि रस्ट लागतं, पॅच ईमेलने पाठवतात आणि आधी योगदानाच्या करारावर सही करावी लागते. तिन्ही चांगले आहेत. पण तिथे तुम्ही पाहुणे असाल. गनेटीचा क्लस्टर तुम्ही दोन वर्षं रात्री-अपरात्री सांभाळला आहे. लॉक, रांग, प्रतिकृती, मतदान या गोष्टी तुम्ही इथे मुळातून शिकलात तर त्या चौथ्या कुठल्याही प्रणालीत कामी येतील, आणि मुलाखतीत सांगायला एका दोषाचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा शोध असेल.

एक काम मात्र नोंद लिहिण्याआधी करा. प्राचार्यांकडून किंवा रजिस्ट्रारकडून लेखी परवानगी घ्या : कामाच्या वेळेत किती तास, तुम्ही लिहिलेला कोड गनेटीच्या बीएसडी या मुक्त परवान्याखाली देता येईल हे, आणि कोणती माहिती बाहेर जाऊ शकते हे. अर्ज एका पानाचा पुरे. आणि लॉग पाठवताना सर्व्हरची नावं, आयपी पत्ते, मॅक पत्ते बदलून टाका. कॉन्फिग-डेटा ही फाइल कुणी मागितली तरी तशीच देऊ नका. संपूर्ण क्लस्टरची मांडणी तिच्यात असते, आणि इन्स्टन्स बनवताना ऑपरेटिंग सिस्टमच्या पॅरामीटरमध्ये कुणी पासवर्ड दिला असेल तर तोही तिथे सापडू शकतो. चाचणी क्लस्टरवर तेच घडवून तिथली फाइल द्या.